शब्दचर्चा : ‘आपटा उपकुल’ म्हणायचं का?

प्रश्न : शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, कुलाची तीन उपकुलं आम्ही शिकलो : पलाश, संकेश्वर, शिरीष. 2017 मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून ती सहा केली. हरितलवकातलं मॅट-के हे जनुक 3,696 जातींत ताडून पाहिलं, तेव्हा जुनं संकेश्वर उपकुल एका पूर्वजाचं नाहीच असं निघालं. शिरीष, बाभूळ आता संकेश्वरातच. आपटा-कांचन वेगळे, चिंच वेगळी. या दोन नव्या उपकुलांची लॅटिन नावं अनुक्रमे सर्सिडॉइडी आणि डिटॅरिऑइडी. धुऱ्यावर उभं राहून पोरांना हे कसं सांगू?

– सर, सरळ ‘आपटा उपकुल’ म्हणा. पलाश उपकुलाच्या लॅटिन नावात पॅपिलिओ आहे, म्हणजे फुलपाखरू, पण जुन्या लोकांनी ‘फुलपाखरू उपकुल’ कुठं केलं? रानातला पळसच घेतला ना! आपट्याचं पान दसऱ्याला सगळ्यांच्या हातात असते. मधोमध चीर, दोन पाळ्या. कांचनाचंही तसंच. खूण पानावरच आहे.

– माझं मत कांचनाला. आपट्याला काही अभ्यासक आता बौहिनिया या प्रजातीतून (जवळच्या जातींच्या गटातून) काढून पिलिओस्टिग्मा या प्रजातीत टाकतात. कांचन बौहिनियातच आहे.

– अहो भाऊ, प्रजाती बदलली तरी उपकुल तेच राहते. माझी अडचण ‘कुल’ची आहे. आमच्या गावात ‘कूळ’ म्हटलं की म्हाताऱ्यांना सातबारा आठवते. आणि ‘शेंगवर्गीय’ चालेल, पण ‘शेंग’ला ‘फल्ली’ म्हणू नका बा. इकडे फल्ली म्हणजे भुईमूगच. ‘कडधान्य कुल’ तर अजिबात नको, बाभळीची डाळ कोण शिजवते?

– ताई, बरोबर. मीही एक जोडतो. तरोटा (टाकळा) अन् बरबटी (चवळी) दोन्ही शेंगेचे, पण कळी उकलून पाहा. बरबटीची वरची मोठी पाकळी बाकीच्यांना बाहेरून झाकते, तिला ध्वज म्हणतात. तरोट्याची वरची पाकळी आत दबलेली असते. म्हणून बरबटी पलाशात, तरोटा संकेश्वरात.

प्रश्नकर्ता : हे फारच कामाचं. ‘आपटा उपकुल’ आणि ‘चिंच उपकुल’ असंच फळ्यावर लिहितो. उरलेल्या दोनपैकी एका उपकुलात पश्चिम आफ्रिकेची एकच जात आहे, ड्युपार्केशिया. तिला मराठी नाव द्यायच्या भानगडीत मी पडत नाही.