१८८५ची हायवॉल रायफल: नळी बदलू की तशीच राहू देऊ?

पोकोनोचा_पाटील
मी पेनसिल्वेनियात राहतो आणि थंडीत हरणाच्या शिकारीला जातो. (शिकारच नको म्हणणाऱ्यांनी जरूर लिहा, पण आधी प्रश्न वाचा.) दोन वर्षांपूर्वी एका गन शोमध्ये विंचेस्टरची सिंगल शॉट रायफल घेतली. मॉडेल १८८५, हायवॉल (म्हणजे उंच बाजूंचा मजबूत सांगाडा), काडतूस ३८-५५, ३० इंची अठपैलू नळी. लिव्हर खाली ओढला की ब्रीचचा ठोकळा घोड्यासकट सरळ खाली उतरतो. अंगठ्यानं एक काडतूस सरकवायचं, लिव्हर वर, खट्. घरात बसून नुसती उघडझाप करत राहावं असं यंत्र आहे.

आतून मात्र नळीची वाट लागलीय. काळ्या दारूची राख वेळेवर धुतली नाही की ती ओल धरते आणि पोलाद खाते, तसं झालंय. आटे (गोळीला गिरकी देणारे आतले पीळ) शेवटच्या चार इंचांत जेमतेम दिसतात. ५० यार्डांवर कागदाला गोल भोक पडायच्या ऐवजी लांबट पडतं, म्हणजे गोळी आडवी होऊन लागतेय. असल्या बंदुकीनं जनावरावर बार काढणं पाप आहे. त्यात दस्त्याची चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी आधीच्या कुणीतरी करवतीनं उडवून लाल रबर ठोकलंय.

माझा बेत: नवी नळी, अक्रोडाचा नवा दस्ता, दुर्बिणीसाठी वर भोकं. बायको म्हणते, नवीच का नाही घेतलीस? तिला उत्तर देता आलेलं नाही.

जुनंतेसोनं
वहिनींचं बरोबर आहे.

पाटील, हे जॉन ब्राऊनिंग या बंदूककाराचं पहिलं पेटंट, १८७९चं. ऑग्डेनच्या दुकानात भावांच्या मदतीनं त्यानं अशा काही शे बंदुका बनवल्या. १८८३ मध्ये विंचेस्टरचा माणूस यूटापर्यंत गेला आणि ८,००० डॉलर मोजून हक्क घेऊन आला. पुढे कोल्टपासून मशीनगनपर्यंत जे काही झालं त्याची पहिली पायरी तुमच्या कपाटात आहे, आणि तुम्ही तिला ड्रिल लावताय.

हे याआधीही झालंय. १९३० ते ५०च्या दरम्यान अमेरिकेत हायवॉलचा नुसता कच्चा माल झाला होता. सांगाडा मजबूत म्हणून अठपैलू नळी काढून टाकायची आणि २२ हॉर्नेटसारख्या वेगवान काडतुसाची जाड नळी बसवायची. त्या काढलेल्या नळ्या कुठे गेल्या? भंगारात. कापायचीच हौस असेल तर रुगर नंबर १ घ्या. १९६७ पासूनची आहे, ठोकळा असाच खाली उतरतो, घाट फार्करसन या जुन्या स्कॉटिश रायफलीवरून घेतलेला. तिच्यावर काय वाट्टेल ते करा, कुणी रडणार नाही.

पोकोनोचा_पाटील
१९२० पर्यंत साधारण १ लाख ४० हजार बनल्या हो. ही काही शिवरायांची तलवार नाही.

लेथवाला_उद्यमनगर
दुसरी नळी कशाला? आहे तीच रीलाइन करा की. भोक मोठं करायचं, आत आट्यांची पातळ नळी बसवायची. वरचे आठ पैलू, कारखान्याचा शिक्का, सगळं जागच्या जागी. आम्ही कोल्हापुरात बंदुकीला हात लावत नाही (लावायचाही नाही, परवान्याशिवाय), पण लांब भोकाचं काम रोजचं आहे. ३० इंचात ड्रिल पळतं. पुढं पायलट हवा, जुन्या भोकात फिट बसणारा, आणि घाई नको. काम देण्याआधी त्या माणसाला एकच विचारा: आजवर किती नळ्या फुकट घालवल्यास? एकही नाही म्हणाला तर दुसरा बघा.

सह्याद्रीत_एकटा
प्रश्न वाचला. तरीही लिहितो. १९७२ला आपल्याकडे वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, आणि इथे मराठी माणूस परदेशात जाऊन कुठल्या नळीनं हरीण मारू असं विचारतोय. बंदुकीचं सौंदर्य वगैरे ठीक. भिंतीवर लावा. एकाच गोळीची आहे म्हणून ती सात्त्विक होत नाही.

पोकोनोचा_पाटील
सात्त्विक कोण म्हणालं? एकच काडतूस असलं की माणूस थांबतो, एवढंच. सहा असली की पहिलं अंदाजानं जातं. गेल्या मोसमात नारिंगी जाकीट घालून तीन दिवस बसलो आणि चाप न ओढता परत आलो, कारण फांदी आड येत होती. इथली हरणं रोज रात्री गाड्यांखाली येतात, आमच्या गल्लीत झाडाची साल शिल्लक नाही. मारतो ते खातो. तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे, पटवायचंही नाही.

सह्याद्रीत_एकटा
नाही पटलं. पण फांदीचं आवडलं.

वाडीचा_बारबोअर
आमच्याकडची गोष्ट ऐका आणि स्वतःला नशीबवान समजा. घरी वडिलोपार्जित तीन बंदुका होत्या. २०१९च्या दुरुस्तीनं परवान्यावर दोनच ठेवता येतात, वारसानं आलेल्या असल्या तरी. आजोबांची एकनळी द्यावी लागली. तिच्या दस्त्यावर आजोबांचा गाल टेकायचा तिथं लाकूड गुळगुळीत आणि काळं झालं होतं. ते कुणी तासून नवा दस्ता लावला असता तर मी भांडलो असतो. आणि इथं नळी आखूड करायची म्हटली तरी १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली वेगळा परवाना. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात, पावती खिशात. तुम्ही आपले भोकं कुठं पाडू विचारताय!

टेलिस्कोप_नाना
मी पाटलांच्या बाजूनं. 'मूळ रूप' हे खूळ नंतरचं आहे. त्या काळी या बंदुका बदलण्यासाठीच घ्यायचे. हॅरी पोप नावाचा नळीकार होता. गिऱ्हाईक आपली विंचेस्टर, बॅलर्ड, स्टीव्हन्स त्याच्याकडे पाठवायचं, तो कारखान्याची नळी उतरवून स्वतःची चढवायचा. १९०६ला सॅन फ्रान्सिस्कोत नवं दुकान थाटलं आणि लगेच भूकंपात सगळं गेलं, तरी परत उभा राहिला. आज त्याच्या शिक्क्याची नळी असलेली बंदूक मूळ रूपातल्या बंदुकीपेक्षा महाग जाते. म्हणजे नळी बदलल्यानं किंमत गेली नाही, वाढली. कोण बदलतोय यावर आहे सगळं. डोळे माझे पासष्टचे, मागच्या बारीक भोकातून पुढची माशी (नेम धरायची खूण) दिसत नाही. दुर्बीण लावू नका म्हणणारे सगळे तिशीतले असतात.

जुनंतेसोनं
नाना, पोप शंभरांत एक होतो. बाकीचे नव्व्याण्णव ते लाल रबर ठोकणारे. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, आणि चष्मा लावतो.

नळीच्या अस्तराला माझी हरकत नाही, लेथवाल्यांनी सोन्यासारखा मार्ग सांगितला. दस्ताही बदला, जुना पिशवीत घालून ठेवा म्हणजे झालं. हरकत फक्त भोकांना. लाकूड परत लावता येतं, नळी परत लावता येते, पोलादात पाडलेलं भोक बुजवलं तरी दिसतं. आणि पाटील, आधी क्रमांक बघा. वायोमिंगमध्ये कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. पैसे भरून क्रमांक कळवला की पत्र येतं: कारखान्यातून कधी निघाली, कुठलं काडतूस, कसली नळी. १८९८ किंवा त्याआधीची निघाली तर फेडरल कायद्यात ती अँटिक. हे माहीत नसताना हत्यार उचलायचं नाही.

लेथवाला_उद्यमनगर
आणि दाब. सांगाडा मजबूत असला तरी पोलाद काळ्या दारूच्या काळातलं. आजच्या तेज काडतुसाची नळी बसते म्हणून बसवायची नाही. ३८-५५ आहे ते ३८-५५च ठेवा, हलक्या भारानं.

पोकोनोचा_पाटील
तीन आठवड्यांनी परत येतोय. पत्र आलं. जुनंतेसोनं, बसून वाचा.

बंदूक १८९१ची. नोंदीत काडतूस ३२-४०, दोन चापांची, गोल नळी. माझ्याकडे ३८-५५, एक चाप, अठपैलू. म्हणजे मी जिला मूळ नळी म्हणत होतो ती मुळातली नाहीच. तुम्ही ज्या शिक्क्यासाठी भांडत होतात तो दुसऱ्या कुठल्या बंदुकीचा.

टेलिस्कोप_नाना
हा हा हा. पाडा भोकं.

जुनंतेसोनं
थांबा! आता तर मुळीच नाही. कारखान्याकडे परत जाऊन बदलून आलेली असू शकते, त्या वह्यांत 'परत आली, दुरुस्त केली' अशाही नोंदी सापडतात. पत्रात तसं काही आहे का? नसेल तर बाहेरच्या कुणी बसवली. नळीच्या पोटाशी, पुढच्या लाकडाखाली बघा. नळीकार बऱ्याचदा तिथं काहीतरी उठवून ठेवतात.

पोकोनोचा_पाटील
पत्रात परतीचं काही नाही. पुढच्या लाकडाला एकच स्क्रू आहे आणि तो हलत नाही. खाच आधीच कुणीतरी अर्धी मोडलीय.

लेथवाला_उद्यमनगर
पकड लावू नका. तेल सोडा, दोन दिवस विसरून जा. मग पेचकस खाचेच्या मापाला घासून घ्या, दोन्ही बाजू समांतर, पाचरीसारखा नको. आधी किंचित घट्ट करायच्या बाजूला, मग उलटा.

पोकोनोचा_पाटील
तेल सोडलंय. रविवारी फोटो टाकतो.