मूळ पपायरसचे तुकडे आजही तपासता येतात

मॉर्मन चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी ज्यांवरून ‘अब्राहमचा ग्रंथ’ हा त्या चर्चचा धर्मग्रंथ भाषांतरित केल्याचे सांगितले, ते पपायरस (प्राचीन इजिप्तमधील कागदासारख्या पानांवरील लेख) १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाल्याने आता शहानिशा करणे अशक्य आहे, असे सांगितले जाते. हे पूर्णतः बरोबर नाही. १८३५ मध्ये ओहायोतील कर्टलंड येथे खरेदी केलेल्या त्या संग्रहाचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात होते आणि १९६७ मध्ये ते मॉर्मन चर्चच्या स्वाधीन करण्यात आले. प्राचीन इजिप्तच्या अभ्यासकांनी ते वाचले, तेव्हा त्यांत अंत्यसंस्काराशी निगडित मजकूर निघाला आणि त्यातला एक होर नावाच्या पुजाऱ्यासाठी लिहिलेला होता. अब्राहमचा उल्लेख त्यांत कोठेही नाही.

ग्रंथासोबत छापलेल्या चित्रांपैकी पहिल्याचे पपायरसवरील मूळ तर मुद्दाम जवळून पाहावे. उभ्या आकृतीचे डोके जिथे असायला हवे, नेमका तिथेच पपायरस फाटलेला आहे. १८४२ च्या छापील प्रतीत मात्र तिथे माणसाचे डोके आणि हातात सुरी दिसते, जरी अशा दृश्यांत सामान्यतः कोल्हामुखी देव अनुबिस असतो. ग्रंथाचा मजकूर हरवलेल्या भागात असावा, हा बचाव मला पटत नाही, कारण हाती असलेल्या याच चित्राचा स्मिथ यांनी दिलेला अर्थही अभ्यासकांच्या वाचनाशी जुळत नाही. उपलब्ध तुकड्यांवरील अक्षरे ग्रंथाच्या मजकुराशी मिळत नाहीत, हे तर चर्चने २०१४ च्या आपल्या निबंधात स्वतःच मान्य केले आहे.