कमरेत इंजेक्शन, आणि आता एकाचे दोन दिसतात

हेमा_सातारा:
आई 62 वर्षांची. कमरेची गादी सरकलेली, डावा पाय घोट्यापर्यंत ठणकायचा. नऊ दिवसांपूर्वी एपिड्युरल स्टिरॉइड दिलं, म्हणजे मणक्यात नसांजवळ सूज उतरवणारं इंजेक्शन. पायाचं ठणकणं छान उतरलं. पण दुसऱ्या दिवसापासून उठून बसली की डोकं फुटायला लागतं, आडवी झाली की थांबतं. आणि परवापासून तिला एकाचे दोन दिसतायत. काल ताटातली पोळी घ्यायला हात घातला तो ताटाबाहेर. इंजेक्शन दिलं तिथे विचारलं तर म्हणाले, ‘कमरेचा आणि डोळ्यांचा काय संबंध?’ खरंच नाही का?

भूलवाला_22वर्षं:
ताई, संबंध आहे. सुई चुकून मणक्यातल्या आतल्या पडद्याला लागली की छिद्रातून पाठीचं पाणी झिरपत राहतं. मेंदू त्या पाण्यात तरंगत असतो, ते कमी झालं की बसल्यावर खाली ओढला जातो. म्हणून डोकं दुखतं. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस कवटीत लांबून येते, तिला ताण बसला की एकाचे दोन दिसतात, लांबचं जास्त. बऱ्याचदा हे डोकेदुखीनंतर काही दिवसांनीच उमटतं, म्हणून कुणी जोडून बघत नाही. नस बहुतेकांची आठवड्यांत-महिन्यांत सुधारते.

पण आजच न्युरॉलॉजिस्टकडे न्या. डोकेदुखी आडवं झाल्यावरही राहू लागली, गुंगी किंवा उलट्या आल्या, तर मेंदूभोवती रक्त साचलंय का हे लगेच बघावं लागतं. डोकेदुखी थांबवायला ब्लड पॅच करतात, म्हणजे तिचंच रक्त काढून कमरेत त्या छिद्रापाशी सोडतात. डोळा मात्र त्याने लगेच सुधारेलच असं नाही.

मिरजेची_सून:
आमच्या सासऱ्यांना स्टेंट, रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. कमरेच्या अशाच इंजेक्शनआधी ती कधी थांबवायची हे कुणी विचारलंच नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही पाय जड, लघवी होईना. मणक्यात रक्त साचलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं, म्हणून आज काठी घेऊन का होईना चालतात. पाय जड, लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. कृपा करून.

हेमा_सातारा:
न्युरॉलॉजिस्टकडून आत्ता आलो. उजवीकडची सहावी नसच. एमआरआयमध्ये रक्त नाही. उद्या पॅच. त्यांनी एक डोळा झाकायला सांगितलं, तर आईने उजव्यावर माझा रुमाल बांधला आणि आज पोळी पहिल्याच हाताला लागली.