कॅन्सर झालाय हे लोकांना सांगावं की लपवावं?

माणदेशी_गडी
मत स्पष्टच मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. कॅन्सर लपवणं बंद झालं पाहिजे, गावात पण आणि शहरात पण. आमच्या भागात अजून त्याचं नाव घेत नाहीत, "मोठा आजार" म्हणतात नाहीतर नुसतं "गाठ निघाली", ते पण आवाज खाली घेऊन. चुलतीला छातीचा कॅन्सर निघाला तेव्हा घरच्यांनी पहिलं काय ठरवलं, तर बाहेर अवाक्षर काढायचं नाही, कारण धाकट्या पोरीची सोयरीक चालू होती. मग केमोला जाताना "लेकीकडं पुण्याला चाललेय" सांगून निघायचं, केस गेले तर पदर पार कपाळापर्यंत ओढायचा, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की पाय दुखतोय म्हणायचं. आधीच उलट्यांनी जीव नकोसा झालेला, त्यात हे सोंग पण तिनंच वठवायचं. आणि घरात तरी काय, तिचा पेला वेगळा, ओळखू यावा म्हणून बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. उष्ट्यानं कॅन्सर होत नाही हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, तरीही. बाहेर कुणाला माहितीच नाही म्हटल्यावर मदतीला येणार कोण?

मनाली_ठाणे
अजिबात सहमत नाही. तुमची कळकळ समजते दादा, पण मी स्वतः पेशंट आहे आणि मी ऑफिसात सांगितलं, त्याचं काय झालं ते ऐका. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी फुलं दिली, मग हळूहळू माझी कामं दुसऱ्यांकडे जायला लागली, "तू आराम कर" म्हणत म्हणत, आणि वर्ष संपताना माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलंच नाही. कारण लेखी कुणी देत नाही. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, त्या कारणावरून नोकरीतून काढता येत नाही, भाड्याचं घर नाकारता येत नाही. कॅन्सरच्या पेशंटला तसा स्वतंत्र कायदाच नाही. मग सांगायचं कशाच्या जोरावर? आता नवीन ठिकाणी मी कुणालाच काही बोललेले नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सीनाकाठ
मनालीताई, तुमच्यावर अन्याय झालाच, पण त्यावरून लपवावं असं म्हणता येणार नाही. बार्शीचं उदाहरण घ्या. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी (भागातल्या प्रत्येक कॅन्सर पेशंटची नोंद ठेवायचं काम) तिथे १९८७ ला सुरू झाली, बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांसाठी. माणसं आपणहून दवाखान्यात यायची नाहीत म्हणून तिथले कर्मचारीच गावोगाव फिरले, चावडीवर नाहीतर देवळात लोकांना जमवून अंगावरून जाणं, रक्त जाणं, गाठ, न भरणारी जखम यावर उघड बोलले. पुढे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला यायला लागल्या, फक्त बोलल्यामुळे. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलने झोपडपट्टीतल्या जवळपास दीड लाख बायकांवर अभ्यास केला, वस्तीत जाऊन, गर्भाशयाच्या तोंडाला साधं व्हिनेगर लावून तपासणी, ती पण थोडंफार शिकलेल्या आणि ट्रेनिंग दिलेल्या बायकांनी केलेली. ज्यांची तपासणी झाली त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. बाई शेवटच्या स्टेजला येते त्यामागे पैसा असतोच, पण लाज पण तेवढीच असते.

मनाली_ठाणे
तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. आजाराबद्दल गावात बोला ना, रोज बोला, कोण नाही म्हणतंय. पण "माझा" आजार चावडीवर न्यायचा की नाही हे मी ठरवणार. समाज सुधारायची जबाबदारी केमो चालू असलेल्या बाईच्या गळ्यात का?

परळची_ताई
मी परळला टाटा हॉस्पिटलपाशी पेशंटच्या नातेवाइकांसाठी जेवणाचे डबे वाटायला जाते म्हणून थोडं लिहिते. इथे फुटपाथवर प्लास्टिक अंथरून फाईल उशाला घेऊन झोपलेली माणसं बघितली की वाटतं, लपवायचं की सांगायचं हा प्रश्न ज्याच्याकडे बंद दरवाजा आहे त्याचा. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेल्या माणसाच्या नाकात नळी असते, तो काय लपवणार? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. सवलतीसाठी पण सगळीकडे आजार सांगावाच लागतो, रेल्वेचं कन्सेशन घ्या नाहीतर सरकारच्या मोफत उपचारांची फुले योजना घ्या, खिडकीवर मागे रांग उभी असताना मोठ्याने "कसला कॅन्सर?" विचारतात. आणि तोंडाचा असला तर पुढचं वाक्य ठरलेलं, "गुटखा खात होता ना, मग भोग." त्यात मिसरी लावणाऱ्या म्हाताऱ्या पण असतात, त्यांना आयुष्यात कुणी सांगितलेलं नसतं की मिसरी म्हणजे तंबाखूच. दोष देणारे भरपूर असतात, सोबत थांबणारा एकच असतो, आणि त्याची मजुरी बुडालेली असते. बाई पेशंट असली तर सोबत बहुतेक भाऊ नाहीतर आई, नवरा दोनदा येतो आणि मग दिसत नाही. सगळे तसे नसतात, पण मी बघितलेत.

माणदेशी_गडी
ताई, नवऱ्याचं लिहिलंत ते खरंय, आमच्याकडं पण "माहेरी बरी होऊन ये" म्हणून पाठवून देतात. मनालीताईंचं नोकरीचं मला मान्य आहे, कायदा नाही तोवर ऑफिसात सांगा असं मी कुणाला म्हणणार नाही. पण घर आणि भावकी? तिथं लपवून चुलतीचं काय राखलं? सोयरीक तशी पण मोडली, कुठून तरी कळलंच पाहुण्यांना, आणि "फसवत होता" हा बोल वर लागला.

मनाली_ठाणे
सोयरीक मोडली ती पाहुण्यांमुळे, चुलतीने गप्प राहिल्यामुळे नाही. आधी सांगितलं असतं तर दारातच आले नसते, एवढाच फरक.

वैनगंगा_७७
या सगळ्यात एक राहिलं. पेशंटपासूनच लपवतात त्याचं काय? माझ्या वडिलांना शेवटपर्यंत "अल्सर आहे" सांगितलं, भावाने डॉक्टरांना बाहेरच गाठून बजावलं होतं की त्यांना सांगू नका, खचतील. ते हुशार माणूस, शेकाच्या (रेडिएशनच्या) खोलीबाहेरची पाटी वाचून आले आणि संध्याकाळी मला विचारलं, "जमिनीच्या वाटण्या कधी करायच्या?" मी भावाकडे बघितलं, त्याने मान हलवली. शेती आज कोर्टात आहे. मनालीताई, तुमचा आजार तुमचा हे मला पटतं, पण मग वडिलांचा आजार वडिलांचा नव्हता का?

मनाली_ठाणे
होता. त्यांना सांगायलाच हवं होतं, गावाला सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवलं असतं.