मदत हवी आहे: शेजारी दोन तळघरांचं खोदकाम होणार आहे, जुन्या इमारतीने आधी काय मागून घ्यावं?

दगडीपाया

शेजारचं बैठं घर पाडून तिथे दोन तळघरांची उंच इमारत होणार आहे. खोदकाम अजून सुरू झालेलं नाही. तपशील असा:

आमची इमारत तळमजला अधिक तीन मजले. आरसीसी फ्रेम नाही, विटांच्या लोड-बेअरिंग भिंती, म्हणजे सगळा भार भिंतींवरच. दगडी पट्टीचा पाया जमिनीखाली साधारण दीड मीटर. खड्ड्याची कड आमच्या भिंतीपासून ३ मीटरवर येईल, खोली ८ मीटर. त्यांच्या बोअरच्या अहवालात वरचे ४ ते ५ मीटर भराव आणि मऊ माती, खाली झिजलेला खडक, मग कठीण खडक. पाणी ३ मीटरवर लागलं आहे.

विकासकाचे इंजिनियर म्हणतात, "शोरिंग करतोय, काळजी नको." (शोरिंग म्हणजे खड्ड्याच्या कडेची माती अडवणारी आधाराची भिंत.) त्यावर भागणार नाही. लेखी काय मागायचं, इमारतीवर कोणत्या खुणा आणि मोजमापं लावायची, आणि कोणत्या आकड्याला काम थांबवायला सांगायचं, हे नेमकं हवं आहे. दुसरा मुद्दा: ते आमच्या पायाखालून अँकर (शोरिंगला मागे ओढून धरणाऱ्या, जमिनीत तिरक्या रुतवलेल्या तारा) घालायची परवानगी मागत आहेत. द्यावी का?

ओळंबा

आधी भूमिती बघा. खड्ड्याच्या तळापासून ४५ अंशात वर रेघ काढली, तर तुमच्या पायाच्या पातळीला ती कडेपासून साडेसहा मीटरवर येते. तुमची भिंत ३ मीटरवर आहे. म्हणजे शोरिंग जितकं हलेल, त्यातला बराच भाग तुमच्या पायापर्यंत पोचणार.

आणि शोरिंग हलतंच. घट्ट जमिनीत, नीट आधार दिलेल्या खड्ड्यालगतही जमीन खोलीच्या सुमारे ०.१ ते ०.३ टक्के बसते. ८ मीटरला ८ ते २४ मिलिमीटर. मऊ माती आणि ढिसाळ काम असेल तर याच्या कितीतरी पट. त्यामुळे "काही होणार नाही" हे उत्तर स्वीकारू नका. "तुमच्या हिशेबाने आमच्या जवळच्या कोपऱ्याला किती मिलिमीटर आणि लांबच्या कोपऱ्याला किती?" असं विचारा. हा हिशेब कागदावर नसेल तर शोरिंगचं डिझाइन फक्त भिंत पडू नये एवढ्यापुरतं झालेलं आहे.

दोन टोकांतला फरक महत्त्वाचा. सगळी इमारत सारखी २० मिलिमीटर बसली तर पाइप सोडून फारसं काही बिघडत नाही. पण जवळचं टोक १५ मिलिमीटर बसलं आणि १० मीटरवर शून्य असेल, तर उतार साधारण ६६७ ला १ झाला. आरसीसी फ्रेममधल्या भिंतींसाठी ५०० ला १ पर्यंत सहसा तडे येत नाहीत, ३०० ला १ ला येतात, १५० ला १ ला सांगाड्याला धोका असतो. लोड-बेअरिंग भिंतीला हे आकडे लावू नका. टोक खाली झुकलं की तिच्या वरच्या भागात ताण येतो, आणि विटांना ताण सोसत नाही. ती याच्या निम्म्या उतारालाही तडकू शकते. तुमच्यासाठी मर्यादा १००० ला १ च्या आसपास धरून डिझाइन मागा.

भूजल

सगळे शोरिंगबद्दल बोलतात, पाण्याबद्दल कमी. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती "पाणी ३ मीटरवर" या ओळीची.

खड्डा कोरडा ठेवायला ते पंप लावणार. पाणी खड्ड्यात उतरतं तशी बाहेरची पातळीही उतरते. पातळी १ मीटर उतरली की खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे १ टन वजन वाढतं, कारण पाण्याचा उचल-दाब जातो. मऊ माती त्याने दबते. शोरिंग तसूभर न हलताही इमारत बसू शकते ती अशी. शिवाय हे बसणं खड्ड्याच्या कडेपुरतं राहत नाही, लांबवर जातं.

दुसरा धोका बारीक कण वाहून जाण्याचा. शोरिंगसाठी ओळीने पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) मारून मध्ये ५० ते १५० मिलिमीटर फटी सोडल्या असतील, तर त्या फटींतून पाण्याबरोबर रेती आणि भराव खड्ड्यात येतो आणि तुमच्या पायाखाली पोकळी होते. म्हणून विचारा: पाइल सुटे आहेत की एकमेकांत शिरणारे सीकंट? सीकंट किंवा डायफ्राम वॉल (जमिनीत ओतलेली काँक्रीटची सलग भिंत) पाणी अडवते. सुटे पाइल असतील तर मागे ग्राउटिंगचा (मातीत दाबाने भरलेल्या सिमेंटच्या पातळ मिश्रणाचा) पडदा हवा, आणि तो खडकात किमान अर्धा-एक मीटर शिरलेला हवा. माती आणि खडक जिथे भेटतात तिथेच गळती सगळ्यात जास्त होते, आणि नेमका तिथेच पडदा अर्धवट सोडलेला असतो.

मागायच्या गोष्टी: तुमच्या भिंतीजवळ किमान दोन पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या), रोज वाचन. पातळी मूळपेक्षा १ मीटर उतरली की सूचना, दीड मीटरला पंप मंदावून शोरिंग आणि तुमच्या भिंतीच्या मध्ये रिचार्ज विहिरीतून पाणी परत सोडणं. आणि एक साधी तपासणी रोज करा: पंपाचं पाणी काचेच्या बरणीत घेऊन तासभर ठेवा. पहिल्या दिवसानंतरही तळाला गाळ बसत असेल तर माती जात आहे. ती कुणाच्या तरी पायाखालचीच असते.

दगडीपाया

@भूजल, आराखड्यात ६०० मिलिमीटर व्यासाचे पाइल ७०० मिलिमीटर अंतराने दिसतात. म्हणजे १०० च्या फटी. ग्राउटिंगचा उल्लेख नाही. आणि पंप किती महिने चालू राहतो?

भूजल

मग ग्राउटिंग लेखी घ्या, हीच तुमची पहिली मागणी असू द्या.

पंप तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लांब चालतो. पाणी ३ मीटरवर आणि तळ ८ मीटरवर, म्हणजे तळाच्या स्लॅबवर ५ मीटर पाण्याचा, दर चौरस मीटरला ५ टन उचल-दाब. वर तितकं वजन येईपर्यंत पंप बंद केला तर तळघर तरंगायला बघतं. म्हणून तळघरं पूर्ण होऊन वरचे काही मजले होईपर्यंत पंप चालू असतात, स्लॅब खडकाला अँकर केलेला नसेल तर. तुमची मोजमापं तितके दिवस चालली पाहिजेत. "खोदकाम संपलं, मॉनिटरिंग बंद" असं कलम असेल तर ते बदला.

गिलावा

अँकरबद्दल. मी परवानगी देऊ नका म्हणेन. मऊ भरावात ड्रिल करताना हवा किंवा पाण्याच्या दाबाने माती निघून येते, ती तुमच्या पायाखालचीच असते. आणि काम झाल्यावर लोखंड जमिनीत तसंच राहतं, उद्या तुमचा पुनर्विकास झाला की तुमच्या पाइलच्या वाटेत येतं. आतून स्ट्रट (खड्ड्यात आडवे अडकवलेले लोखंडी टेकू) लावा म्हणा. त्यांना खड्ड्यात यंत्र फिरवायला अडचण होते म्हणून ते टाळतात.

ओळंबा

@गिलावा, सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. ८ मीटर रुंद खड्ड्यात स्ट्रट उत्तम, पण २५-३० मीटर रुंदीत लांब स्ट्रट मधल्या खांबांवर टेकवावे लागतात, तापमानाने लांबतात-आखडतात, आणि ताण न देता नुसते अडकवले तर भिंत हलल्यावरच काम करू लागतात. खडकात रुतवलेला, आधीच ताणलेला अँकर भिंत जास्त घट्ट धरतो. द्यायची तर अटींवर द्या: भरावात केसिंग (भोक ढासळू नये म्हणून लोखंडी नळी) घालूनच ड्रिल, तुमच्या पायाखालून जाताना अँकर पायाच्या किमान दीड-दोन मीटर खाली, पकड पूर्णपणे खडकात, प्रत्येक अँकर कामाच्या भाराच्या सव्वापट किंवा जास्त ताणून तपासलेला आणि त्याची नोंद तुम्हाला, काम संपल्यावर ताण सोडून तारा काढता येतील असा प्रकार.

स्ट्रट असो की अँकर, एक अट दोन्हीला. पहिला आधार जमिनीलगत आणि सगळ्यात आधी. आधाराविना भिंत पहिल्या टप्प्यात वरच्या टोकाला सर्वात जास्त हलते, आणि ते हलणं नंतर परत येत नाही. आधाराच्या पातळीखाली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त खोदून ठेवायचं नाही. साइटवर हाच नियम सर्वात जास्त मोडला जातो. पोकलेन उभा असतो, स्ट्रटचं लोखंड यायला वेळ असतो, मग "तोवर खोदून घेऊ" होतं.

गिलावा

अँकर अशा अटींवर असतील तर ठीक, पण अटी तपासायला तुमच्या बाजूचा स्ट्रक्चरल इंजिनियर हवा. त्याची फी विकासकाने द्यायची, नेमणूक तुमची.

आता मोजमापं. खोदकामाआधी सगळ्या घरांचं, जिन्याचं, गच्चीचं सर्वेक्षण. प्रत्येक तड्याचा फोटो, शेजारी पट्टी धरून, जागा आणि तारीख लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या. जिथे तडा नाही त्या भिंतींचेही फोटो घ्या, वाद नंतर तिथेच होतो.

तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवण्यात अर्थ नाही. काच फुटते एवढंच कळतं, किती आणि कुठल्या दिशेने ते कळत नाही. तड्याच्या दोन बाजूंना मिळून त्रिकोणात तीन पितळी बटणं बसवून डिजिटल कॅलिपरने मोजा. तडा रुंदावतोय की सरकतोय दोन्ही समजतं.

लेव्हलसाठी जोत्याच्या वर हातभर अंतरावर स्टीलच्या पिना, प्रत्येक कोपऱ्यात आणि मधल्या आडव्या भिंतींच्या टोकाला. संदर्भाची खूण खड्ड्यापासून किमान २५ मीटर लांब, नाहीतर तीही बसेल आणि तुम्ही स्थिर दिसाल. खोदकामाआधी वेगवेगळ्या दिवशी किमान दोन वाचनं. खोदकाम चालू असताना रोज, तळाचा स्लॅब झाल्यावर आठवड्याला.

दगडीपाया

जिन्यातला एक जुना तडा सकाळी ०.४ आणि दुपारी ०.७ मिलिमीटर येतो. अजून खोदकाम नाही. हे काय?

गिलावा

तापमान. १० मीटर वीटकाम १५ अंशांच्या फरकाने साधारण ०.९ मिलिमीटर लांबतं-आखडतं, आणि ते सगळं जुन्या तड्यात गोळा होतं. म्हणूनच आधीची वाचनं हवीत. मोजणी रोज एकाच वेळी, भल्या सकाळी करा आणि तापमान लिहा. उघडून परत मिटणारा तडा चालतो, एकाच दिशेने वाढणारा नाही.

खचण्याचा तडा ओळखता येतो: तिरका, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला, वर जाताना ज्या बाजूला झुकतो ती बाजू बसतेय. तुमच्याकडे तो वर जाताना खड्ड्याकडे झुकेल आणि वरच्या मजल्यांवर जास्त रुंद असेल. १ मिलिमीटरपर्यंत रंगकामात भागतं, ५ पर्यंत दारं घासू लागतात, ५ ते १५ ला भिंतीचा काही भाग उकलून बांधावा लागतो, २५ च्या पुढे इमारत रिकामी करण्याचा विचार.

ओळंबा

कठीण खडक फोडताना ब्रेकर लागेल. कंपनमापक तुमच्या जवळच्या भिंतीच्या पायाशी, तिन्ही दिशा मोजणारा. जर्मन डीआयएन ४१५० मानकात १० हर्ट्झखाली नेहमीच्या घरांना सेकंदाला ५ मिलिमीटर आणि नाजूक इमारतींना ३ मिलिमीटर अशी मर्यादा आहे. तुम्ही ३ धरा. हद्दीलगत आधी जवळजवळ भोकांची रांग पाडली तर कंपन बरंच अडतं. शेवटचे दोन-तीन मीटर फुगणारं रसायन भरून किंवा वायर सॉने (तारेच्या करवतीने) कापता येतात. सुरुंग अजिबात नको.

काम थांबवण्याचे आकडे: डिझाइनने सांगितलेल्या बसण्याच्या ६०-७० टक्क्यांना पिवळा, १०० टक्क्यांना लाल. प्रत्येकापुढे कृती लिहिलेली हवी. पिवळ्याला रोज दोन वाचनं आणि डिझाइनरची भेट. लालला खोदकाम बंद, भिंतीच्या पायथ्याशी माती परत टाकून टेकू देणं, जादा आधार. त्यासाठी माती आणि वाळूची पोती साइटवर आधीच ठेवलेली असावीत.

दगडीपाया

विकासकाने आमचा पाया खडकापर्यंत उतरवून द्यायची तयारी दाखवली आहे. घ्यावं?

ओळंबा

फक्त खड्ड्याकडची भिंत खडकावर टेकवली आणि बाकीची इमारत मऊ मातीवर राहिली, तर पाणी उतरल्यावर मागची बाजू बसेल आणि पुढची नाही. तडा मधल्या भिंतींत येईल. करायचं तर इंजिनियरने सगळ्या पायाचा विचार करून. पद्धत: एक-सव्वा मीटर लांबीचे खड्डे, एक खणला की मध्ये दोन खड्ड्यांची जागा सोडून पुढचा, एका वेळी भिंतीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त उघडं नाही. काँक्रीट आणि जुन्या पायात ७५ मिलिमीटर फट ठेवून, काँक्रीट घट्ट झाल्यावर ती कोरड्या मॉर्टरने ठोकून भरायची. ही फट नीट न ठोकता बुजवली तर सगळं केलेलं वाया.

भूजल

आणि ड्रेनेज. हद्दीजवळच्या जुन्या चिनीमातीच्या पाइपांचे सांधे थोड्या हालचालीने उघडतात. त्यातून पाणी भरावात जातं आणि माती घेऊन खड्ड्यात उतरतं, तडे तुमच्या इमारतीला. आधी रंगीत पाणी सोडून गळती तपासा, खड्ड्याकडचा पट्टा लवचिक सांध्यांच्या पाइपांनी बदलून घ्या.

गिलावा

शेवटचा टप्पा करारात राहून जातो: स्ट्रट काढणं. तळघराची भिंत आणि शोरिंगमधली पोकळी काँक्रीट किंवा दाबून भरलेल्या खडीने बुजल्याशिवाय, आणि त्या पातळीच्या स्लॅबची क्यूब चाचणी (काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासणं) पास झाल्याशिवाय एकही स्ट्रट निघू नये. त्या आठवड्यात लेव्हल पुन्हा रोज घ्यायला लावा.

दगडीपाया

ग्राउटिंग, पिझोमीटर, पहिला स्ट्रट, थांबण्याचे आकडे, ड्रेनेज आणि स्ट्रट काढणं, या क्रमाने मसुदा करतोय. लेव्हलच्या पिनांची जागा नकाशावर मारून इथे टाकतो, मधल्या आडव्या भिंतींबद्दल शंका आहे.

गिलावा

टाका. आडवी भिंत बाहेरच्या भिंतीत दात काढून (विटा एकमेकींत गुंतवून) बांधलेली आहे की नुसती टेकलेली, तेही लिहा. नुसती टेकलेली असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेगळी पिन लागेल.