मदत हवी आहे: सापसंदेच्या वेलीवरच्या अळ्या मरताहेत, कढीपत्त्यावरच्या मात्र गुबगुबीत!

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमच्या घरामागे एक अरुंद, मुरमाड पट्टी आहे. शोभेची झाडं काढून तिथे हळूहळू इथलीच झाडं लावतेय. कढीपत्ता आणि कागदी लिंबू आधीपासून होते. कुंपणाला रुई आपोआप उगवली, ती ठेवली. (शेजाऱ्यांना ते काही पटलेलं नाही.) पाऊस सुरू झाल्यापासून वर्दळ छान वाढलीय. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या आहेत, शिंजीर पक्षी रोज फेरी मारतो.

अडचण वेलीची आहे. एका नर्सरीतून सापसंद म्हणून वेल आणली होती. ती इतकी जोमात वाढली की सगळी जाळी झाकून टाकली. यंदा तिच्याभोवती काळ्या पंखांची फुलपाखरं घिरट्या घालताहेत. मागच्या पंखावर पांढरे ठिपके, कडेला लाल चंद्रकोरी. पानांवर लालसर केशरी अंडी दिसतात. अळ्याही बाहेर येतात, थोडं पान कुरतडतात आणि मोठ्या व्हायच्या आतच काळ्या पडून गळतात. मी कुठलंही औषध मारत नाही. मुंग्याही दिसल्या नाहीत.

आणि हुबेहूब तसंच फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालताना पाहिलं! तिथली अंडी फिकट पिवळी. अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात. त्या मस्त वाढताहेत. इतक्या, की फोडणीला पान उरत नाही. सासूबाईंचा तोडगा असा, की कढीपत्त्यावरच्या अळ्या वेचून त्या वेलीवर सोडाव्यात, तिथे पानंच पानं आहेत. ऐकायला बरोबर वाटतं, पण हात धजावत नाही.

एकाच फुलपाखराच्या अळ्या एका झाडावर जगतात आणि दुसऱ्यावर मरतात, असं होतं का? वेलीला रोग असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं. फोटो चढवायला जमत नाहीये, पण विचाराल ते बघून सांगते.

मुरमाड
साबणाचं पाणी मारा, दोन्हीकडच्या अळ्या जातील. झाड महत्त्वाचं.

रानजाई
मुरमाड, त्यांना अळ्या हव्या आहेत हो! धागा वाचा की.

धागाकर्ती, ही दोन वेगळी फुलपाखरं आहेत. वेलीवरचं कॉमन रोझ, कढीपत्त्यावरचं कॉमन मॉरमॉन, आणि तेही मादीच. कॉमन रोझची अळी सापसंदेच्या कुळातल्या वेली खाते, त्यातलं विष अंगात साठवते, त्यामुळे पक्षी तिला टाळतात. मॉरमॉनच्या अंगात असलं काही नसतं, म्हणून तिच्या काही माद्या रोझचा वेश घेऊन फिरतात. माद्यांची तीन रूपं असतात: एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. ओळखायचं तर पंख बघू नका, धड बघा. रोझचं धड लाल असतं, मॉरमॉनचं काळं.

म्हणून सासूबाईंना नम्रपणे नाही सांगा. मॉरमॉनच्या अळ्यांना लिंबू, कढीपत्ता, बेल असलीच पानं लागतात. वेलीवर सोडल्यात तर उपाशी मरतील. फार झाल्या तर थोड्या लिंबावर हलवा, ते चालेल.

धागाकर्ती
आत्ताच बघून आले. कढीपत्त्यावरचीचं धड काळं, वेलीवरचीचं लाल! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. मग वेलीवरच्या का मरतात?

जुना माळी
वेलीला फूल आलंय का? कसं दिसतं? पानाचा आकार काय?

धागाकर्ती
हो. तळहाताएवढं पसरट फूल, पांढऱ्यावर गडद तपकिरी-जांभळी नक्षी. कळी वाकडी, बदकासारखी. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत.

जुना माळी
मग ती सापसंद नव्हे. ही दक्षिण अमेरिकेतली शोभेची वेल, नर्सरीत बदकवेल म्हणून विकतात. कूळ तेच, जात वेगळी. आपल्या सापसंदेचं, म्हणजे ईश्वरीचं, पान लांबट असतं आणि फूल लहान: फिकट हिरवी नळी, टोकाला काळपट जांभळी जीभ. फळ पिकलं की खालून उकलतं आणि शिंकाळ्यासारखं लटकतं. आत चपट्या, पंखवाल्या बिया.

ऑस्ट्रेलियात हे प्रकरण चांगलंच माहितीचं आहे. तिथल्या रिचमंड बर्डविंग फुलपाखराची मादी याच परदेशी वेलीवर अंडी घालते. वास ओळखीचा वाटतो, पण पानं खाऊन अळ्या मरतात. तिथले लोक ही वेल उपटून मूळची वेल लावतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्याकडेही तेच चाललंय असं मला वाटतं. वेलीला रोग असता तर ती इतकी माजली नसती.

माझं मत विचाराल तर वेल काढाच. फुलपाखरांसाठी तो सापळा आहे. फूल कितीही देखणं असलं तरी.

धागाकर्ती
बापरे. सासूबाई तर त्या पानांचा काढा साप चावल्यावर देतात म्हणत होत्या.

रानजाई
काढा अजिबात नको, या वेलीचा नको आणि खऱ्या सापसंदेचाही नको. या कुळात अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात, कर्करोगही होतो. साप चावला तर सरळ दवाखाना, प्रतिसर्पविष तिथेच मिळतं. छाटणी करताना हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा.

धागाकर्ती
काढा रद्द! वेल या रविवारी काढते. पण आत्ता तिच्यावर अंडी आहेत, त्यांचं काय करू? आणि खरी सापसंद कुठून आणू? डोंगरावरून उपटून आणणं बरं वाटत नाही.

जुना माळी
उपटू नकाच. देशी झाडांची रोपवाटिका गाठा, आणि फूल किंवा फळ धरलेलं झाड दाखवायला सांगा, नुसत्या नावावर घेऊ नका. कोणाकडे वेल असेल तर पिकलेल्या फळाच्या बिया मागून घ्या. एका वेलीवर भागत नाही. या अळ्या पानं संपली की कोवळी खोडंही खातात, म्हणून दोन-तीन वेली लावा. थोडी सावली चालते, मुरमात शेणखत घाला, पाणी तुंबू देऊ नका.

अंडी असलेली पानं देठासकट कापून, ज्यांच्याकडे खरी सापसंद आहे त्यांच्या वेलीवर टाचून द्या. अळी बाहेर आल्यावर आपोआप त्या पानावर सरकेल. मी वाईला असतो. माझ्याकडे दोन वेली आहेत आणि सध्या भरपूर पानं आहेत. व्यनि (खाजगी निरोप) करतो.