अनुभव धागा : चाकूसंग्राहकांच्या प्रदर्शनात प्रथमच जाताना

पुण्याहून, धाग्याच्या आरंभी :

माझ्याकडे जुन्या अडकित्त्यांचा एक लहानसा संग्रह आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांचे दालन पाहिल्यापासून हा नाद लागला आणि तेथून सुऱ्या, चाकू, पाती यांच्याकडे लक्ष वळले. संग्रहालयात मात्र वस्तू काचेपलीकडे असते आणि ती घडवणारा कारीगर बहुधा अनाम असतो. ज्याने चाकू घडवला तोच टेबलापलीकडे बसलेला आहे, आणि त्याच्या परवानगीने आपण तो हातात घेऊन पाहतो आहोत, असा प्रसंग माझ्या वाट्याला अद्याप आलेला नाही. येत्या जूनमध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील ब्लेड शो या चाकूप्रदर्शनाला जाण्याचा योग जुळून येत आहे. ज्यांनी असे एखादे प्रदर्शन, मग ते कोणत्याही देशातील असो, पाहिले आहे, त्यांनी पहिल्या भेटीचा अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. काय पाहावे यापेक्षा कसे पाहावे, हे मला अधिक जाणून घ्यायचे आहे.

अटलांटाहून :

मी यंत्र अभियंता असून बरीच वर्षे अटलांटा परिसरात राहतो. ब्लेड शो १९८२ पासून भरतो. अनेक वर्षे तो शहराच्या वायव्येकडील कॉब गॅलेरिया सेंटरमध्ये होत असे. २०२४ पासून तो शहराच्या मध्यवर्ती भागातील जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटरमध्ये हलला आहे. जुन्या लेखांत आणि चित्रफितींत दिसणारी जागा वेगळी असेल, तर त्याचे कारण हे.

दालनात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे तेथे दोन वेगळे बाजार एका छपराखाली नांदतात. एकीकडे मोठ्या कंपन्यांची झगमगती दालने, आणि दुसरीकडे कापड अंथरलेली साधी टेबले, ज्यांच्यावर एका माणसाने वर्षभरात घडवलेले मोजकेच चाकू मांडलेले असतात. माझा सल्ला असा की, पहिल्या फेरीत काहीही विकत न घेता ही साधी टेबले पाहावीत. कंपन्यांचा माल वर्षभर दुकानांत मिळतो. त्या टेबलांवरचा चाकू दुपारनंतर तेथे असेलच असे नाही. ज्यांचे नाव झाले आहे अशा कारीगरांच्या टेबलापाशी रांग न लावता चिठ्ठ्या टाकल्या जातात. आपण नाव लिहून पेटीत टाकायचे आणि ठरलेल्या वेळी ज्याची चिठ्ठी निघेल त्याला तो चाकू ठरलेल्या किमतीत घेण्याचा हक्क मिळतो. तो हक्क मिळताच काही मंडळी चाकू दुप्पट भावाने विकायला काढतात. कारीगरांना हे मुळीच आवडत नाही, आणि मलाही नाही.

हाताळण्याचे नियम कोठे लिहून लावलेले नसतात, परंतु ते सर्वांना ठाऊक असल्याचे गृहीत धरले जाते. विचारल्याशिवाय चाकू उचलू नये. पात्याला बोट लावू नये, कारण साध्या कार्बन पोलादावर घामाचा ठसा राहिला की त्या जागी गंज धरतो. अंगठ्याने धार तपासू नये. घडीचा चाकू असेल तर त्याची उघडझाप करण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारावे, आणि परत देताना मूठ कारीगराकडे करावी. दुसरा कोणी पैशाचे बोलत असेल तर बाजूला व्हावे. एका कारीगराच्या टेबलावर उभे राहून दुसऱ्याचा चाकू विकण्याची बोलणी करणे तर सरळ असभ्यपणाचे मानले जाते.

आता कसे पाहावे याविषयी. चाकू डोळ्यांसमोर आडवा न धरता टोक आपल्यापासून दूर करून कण्याच्या, म्हणजे धारेविरुद्धच्या जाड कडेच्या, रेषेत पाहावा. पाते मुठीपासून टोकाकडे सावकाश निमुळते होत गेले असेल, तर तोल हाताला तत्काळ कळतो. पात्याच्या दोन्ही बाजूंना उतार जेथे सुरू होतो त्या दोन रेषा एकमेकींसमोर तंतोतंत यायला हव्यात. हे काम सहाणीच्या पट्ट्यावर हाताने होते आणि तेथे कारीगराचा हात उघडा पडतो. मूठ आणि धातूची पट्टी यांच्या सांध्यावरून नख फिरवावे; ते अडकता कामा नये. घडीच्या चाकूत पाते बंद असताना बरोबर मध्यभागी बसते का, आणि उघडल्यावर वरखाली किंवा आडवे हलते का, हे पाहावे. उघडलेले पाते मुठीतील पट्टीने अडकवून ठेवणारी, आज सर्वत्र दिसणारी लायनर लॉक ही अडकण मायकेल वॉकर या कारीगराने १९८० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली, आणि तिची पट्टी पात्याच्या मुळाला कोठे टेकते हे पाहण्यासाठी जाणकार लोक खिशातून भिंग काढतात.

पोलादाच्या नावांची भीती बाळगू नये. तेथे प्रत्येकजण मॅग्नाकटविषयी बोलताना आढळेल. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने रचलेले हे पोलाद २०२१ मध्ये बाजारात आले. ते गंजाला दाद देत नाही आणि तरीही चिवट राहते, म्हणून त्याचा बोलबाला झाला. परंतु पोलादाला पाणी कसे दिले, म्हणजे ते कोणत्या तापमानाला तापवून कसे विझवले आणि नंतर किती मऊ केले, यावर नावापेक्षा अधिक अवलंबून असते. हा प्रश्न विचारला की कारीगर खुलतो. किंमत विचारून सुरुवात केली तर तो उत्तर देतो आणि थांबतो.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्या लोहारांच्या संस्थेच्या पदव्यांसाठी आलेले चाकूही येथेच परीक्षकांपुढे ठेवले जातात. ही संस्था विल्यम मोरन या चाकू-कारीगराने १९७६ मध्ये स्थापन केली. तत्पूर्वी १९७३ मध्ये त्यांनी नाइफमेकर्स गिल्डच्या प्रदर्शनात स्वतः घडवलेले डमॅस्कस, म्हणजे पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेल्या पोलादाचे, चाकू मांडले आणि जवळजवळ विसरलेली ती कला अमेरिकेत पुन्हा सुरू झाली. पदवीसाठी आधी एक कसोटी द्यावी लागते : एकाच चाकूने मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका वारात तोडायचा, जाड लाकडी फळी दोनदा तोडायची, त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून काटकोनात वाकवायचे, ते मोडता कामा नये. धार कठीण आणि कणा मऊ ठेवण्याचे कसब त्यातून दिसते. मास्टर स्मिथ या वरच्या पदवीसाठी मांडायच्या पाच कामांत एक पंधराव्या शतकाच्या धर्तीची दुधारी कट्यारवजा खंजीर असावी लागते, आणि ती डमॅस्कसचीच. नव्या पाहुण्याने ही कामे अवश्य पाहावीत.

सोलिंगनजवळून, जर्मनी :

मी ड्युसेलडॉर्फमध्ये राहते. चाकूंविषयी मला विशेष ओढ नव्हती. यजमानांना होती, म्हणून पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलिंगन शहराच्या नाट्यगृहात भरणाऱ्या ‘नाइफ’ या प्रदर्शनाला गेले. वरील लेखकांनी वर्णिलेली गर्दी तेथे नव्हती. दालन लहान, आवाज कमी, आणि बरेचसे कारीगर उतारवयाचे. प्रदर्शनाइतकेच लक्षात राहिले ते ग्रेफ्राट भागातील जुन्या मठात असलेले जर्मन पाते-संग्रहालय. प्रथम जाणाऱ्याने ते आधी पाहावे आणि मग प्रदर्शनात जावे, असे मी सुचवीन, कारण त्यामुळे टेबलांवर मांडलेल्या वस्तूंचा पूर्वेतिहास ठाऊक होतो. वुपर नदीच्या काठी पाणचक्कीवर चालणाऱ्या धारघरांत पाती घासली जात. घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा आपापल्या घरी काम करीत, आणि अर्धवट तयार माल टोपल्यांत घालून डोक्यावरून एका घरून दुसऱ्या घरी नेण्याचे काम स्त्रिया करीत. शहरात त्या स्त्रियांचे स्मारक आहे. चाकूवर ज्यांची खूण कधीच उमटली नाही, त्यांचे स्मारक पाहून बरे वाटले.

‘सोलिंगन’ हे नाव पात्यावर कोणालाही घालता येत नाही. १९३८ च्या कायद्याने आणि पुढे १९९४ च्या नियमाने, उत्पादनाचे मुख्य टप्पे सोलिंगन व शेजारच्या हान या गावाच्या हद्दीत झालेले असले तरच ते वापरता येते. एका टेबलावर शिंगाच्या मुठीचे जुने शिकारी चाकू होते. विक्रेत्याने मी भारतीय असल्याचे पाहून आपणहून सांगितले की, हे सांबरशिंग भारतातून येत असे. सोलिंगन आणि इंग्लंडमधील शेफील्ड या दोन्ही ठिकाणचे मूठकरी त्यावर अवलंबून होते, आणि भारताने गळालेल्या शिंगांचीही निर्यात बंद केल्यानंतर त्या चाकूंचे भाव चढले. आमच्या संभाषणातील सर्वात रंगलेला भाग तोच होता.

एक गोष्ट मात्र टाळून लिहिणे योग्य होणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच शहराच्या ६५० व्या वर्षाच्या उत्सवात चाकूहल्ला झाला आणि तीन माणसे प्राणास मुकली. त्यानंतर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कायदा कडक केला. सार्वजनिक उत्सवांत चाकू बाळगण्यास बंदी आली आणि कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. एका हाताने उघडून अडकणारा चाकू किंवा १२ सेंटिमीटरहून लांब स्थिर पात्याचा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणे तर आधीपासूनच मना होते. म्हणून विकत घेतलेली वस्तू बंद पेटीतून घरी न्यावी. खिशात घालून ट्रामने जाऊ नये.

नाशिकहून, एक शंका :

दोन्ही अनुभव वाचले. भारतात परत येताना अशी वस्तू आणता येते का? आणि येथे घरात ठेवल्यास परवाना लागतो का?

ठाण्याहून, वरील शंकेस :

वकिलीचा व्यवसाय असल्याने एवढे सांगतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्याचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असा चाकू शस्त्र ठरतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळलेली आहेत. मात्र तलवार, खंजीर, गुप्ती यांना स्वयंपाकाच्या सुरीची सवलत मिळेल अशा भ्रमात राहू नये. घरात ठेवणे आणि बरोबर घेऊन फिरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या आदेशांत तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूही येतात. विमानात चाकू हातातील सामानात नेता येत नाही. तो म्यानात किंवा जाड वेष्टनात नीट बांधून मोठ्या सामानात ठेवावा आणि खरेदीची पावती जवळ असू द्यावी. मुठीसाठी हस्तिदंत किंवा अन्य संरक्षित प्राण्याचे अवशेष वापरले असतील तर ती वस्तू घेऊच नये. अमेरिकेतही २०१६ पासून आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर कडक निर्बंध आहेत.

नागोयाहून :

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो, त्यामुळे मला संग्राहकाच्या दृष्टीपेक्षा कापणाऱ्याची दृष्टी अधिक आहे. गिफू प्रांतातील सेकी या गावी ऑक्टोबरमध्ये पातेउत्सव भरतो. मुख्य रस्त्यावर दुतर्फा दुकाने लागतात, कात्र्या आणि सुऱ्या कमी भावात मिळतात, तलवार घडवण्याचे पारंपरिक प्रात्यक्षिक होते, आणि त्याच वेळी हाताने चाकू घडवणाऱ्यांचे स्वतंत्र प्रदर्शनही असते. त्या प्रदर्शनात बॉब लव्हलेस या अमेरिकी कारीगराच्या धाटणीचे शिकारी चाकू इतके दिसतात की, आपण जपानात आहोत याचा क्षणभर विसर पडावा. माझे मन त्यांत रमले नाही. मला ओढ होती एकाच बाजूला धार असलेल्या भाजीच्या आणि मासळीच्या सुऱ्यांची. तेथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मला कोणती सुरी हवी हे न विचारता मी कोणत्या हाताने कापतो हे विचारले, आणि मी डावखुरा आहे असे समजताच मांडणीतील जवळजवळ सर्व सुऱ्या बाजूला सारल्या. डाव्या हाताची सुरी वेगळी घडवावी लागते आणि ती महाग पडते. मी तीच घेतली.

साताऱ्याहून :

आपल्याकडे चाकूसंग्राहकांचा असा मेळा नसला, तरी खाजगी संग्राहकांनी भरवलेली शस्त्रप्रदर्शने शिवजयंतीच्या सुमारास गावोगावी होतात, म्हणून तेथील पहिल्या भेटीविषयी लिहितो. जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखे येथील संग्रहालयात मांडली गेल्यापासून या विषयाकडे तरुणांचा ओढा वाढला आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याबरोबर बनावट वस्तूंचा बाजारही वाढला, ही वाईट.

माझ्या पहिल्या प्रदर्शनात एका ज्येष्ठ संग्राहकांनी मला तासभर एका कट्यारीपाशी उभे केले. पात्यावरची पाण्यासारखी नक्षी खरी कोणती आणि तेजाबाने वरवर उठवलेली कोणती, हे ते दाखवीत होते. खऱ्या मुशीतील (मुशीत वितळवून केलेल्या) पोलादात ती नक्षी धातूच्या आतूनच आलेली असते, त्यामुळे पृष्ठभाग घासून काढला तरी पुन्हा हलका तेजाब देताच ती परत उमटते. वरवरची नक्षी घासली की संपते. अमेरिकेतील प्रदर्शनांत ‘डमॅस्कस’ म्हणून जे दिसते ते बहुतेक दोन पोलादांचे थर जोडून, दुमडून घडवलेले असते आणि त्याचा आपल्या दक्षिणेतील मुशीच्या पोलादाशी संबंध नाही. ती जुनी रीत फ्लॉरिडातील नालबंद अल्फ्रेड पेंड्रे आणि आयोवातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून पुन्हा साधली, आणि धातूतील व्हॅनेडियमसारख्या घटकांच्या अत्यल्प अंशामुळे ती नक्षी उठते असे दाखवून दिले. तेलंगणातील कोनसमुद्रम या गावचे हे पोलाद इराणपर्यंत जात असे. अटलांटात कोणी मुशीच्या पोलादाचा चाकू मांडलेला आढळला, तर धागाकर्त्यांनी त्याला हे गाव ठाऊक आहे का ते अवश्य विचारावे.

पुण्याहून, धागाकर्ता :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अटलांटाच्या लेखकांस एक विचारणे आहे. संध्याकाळी प्रदर्शन बंद झाल्यावर संग्राहक हॉटेलच्या तळमजल्यावर जमून आपापले चाकू एकमेकांना दाखवतात, असे वाचले होते. जागा बदलल्यावर ती बैठक टिकली आहे का?

अटलांटाहून :

जुन्या जागेला लागून असलेल्या हॉटेलात ती बैठक भरे आणि तिला ‘द पिट’ म्हणत. नव्या जागी आसपास अनेक हॉटेले असल्यामुळे मंडळी विखुरली आहेत, तरी कारीगर जेथे उतरतात तेथे रात्री टेबले जोडली जातातच. आपण आपले एकदोन अडकित्ते सोबत आणावेत. मोठ्या सामानात, नीट बांधून. सुपारी मात्र तेथे मिळणार नाही.